ऑस्करच्या आदल्या दिवशी : स्पिरिट अवॉर्ड्सची गोष्ट

ऑस्कर सोहळा म्हटला की डोळ्यांसमोर काय येतं ते वेगळं सांगायला नको. लाल गालिचा, काळे सूट, लाखमोलाचे गाऊन आणि भाषण लांबलं की मागून वाजायला लागणारं संगीत. सकाळच्या लेक्चरला दांडी मारून कॉमन रूममध्ये तो बघणारे महाभाग आपल्यातही आहेत. पण त्याच लॉस एंजेलिसला खेटून असलेल्या सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर, ऑस्करच्या आदल्या दिवशी, अनेक वर्षं आणखी एक सोहळा होत आला. जागा कुठली, तर किनाऱ्यालगतचा गाड्या लावायचा तळ! तिथे एक भला मोठा पांढरा तंबू ठोकायचा, आत जेवणाची टेबलं मांडायची आणि भर दुपारी बक्षिसं वाटायची. कुणी जीन्स घालून आलं तरी हटकायचं नाही.

या सोहळ्याचं नाव 'इंडिपेण्डण्ट स्पिरिट अवॉर्ड्स'. अमेरिकेतल्या स्वतंत्र चित्रपटांसाठी, आणि २०२१ पासून टीव्ही मालिकांसाठीही, दरवर्षी दिले जाणारे हे पुरस्कार. त्यांचा इतिहास वाचताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. 'स्वतंत्र' चित्रपट म्हणजे नक्की कुठला, आणि ते ठरवायचं कसं? 'हे मोजायचं कसं?' या प्रश्नावर आपली चार वर्षं जातात, म्हणून हा विषय आपल्या अंकात थोडा सविस्तर.

स्वतंत्र म्हणजे कुणापासून?

हॉलिवूडमध्ये वॉर्नर, पॅरामाउंट, युनिव्हर्सल, डिस्ने असे मोठे स्टुडिओ. पैसा त्यांचा, शूटिंगची व्यवस्था त्यांची, थिएटरपर्यंत सिनेमा पोचवणारी यंत्रणाही त्यांचीच. साहजिकच सिनेमात काय असावं आणि शेवट गोड व्हावा की कडू, हेही पुष्कळदा तेच ठरवतात. या व्यवस्थेच्या बाहेर राहून, मित्र, नातेवाईक, छोटे गुंतवणूकदार किंवा क्रेडिट कार्ड यांच्या जिवावर जो सिनेमा बनतो, तो ढोबळमानाने स्वतंत्र.

असे सिनेमे करणारी मंडळी विखुरलेली होती. त्यांना एकत्र आणण्यासाठी १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सँड्रा शुलबर्ग यांनी 'इंडिपेण्डण्ट फीचर प्रोजेक्ट' नावाची संस्था सुरू केली. काही काळातच तिची लॉस एंजेलिसची शाखा उभी राहिली. हीच शाखा पुढे वेगळी होऊन २००५ पासून 'फिल्म इंडिपेण्डण्ट' या नावाने ओळखली जाऊ लागली. स्पिरिट पुरस्कार देते ती हीच संस्था. न्यूयॉर्कच्या मूळ संस्थेने १९९१ मध्ये आपले 'गॉथम अवॉर्ड्स' सुरू केले. म्हणजे एकाच घरातली ही दोन भावंडं म्हणायला हरकत नाही.

बुटाच्या नाड्या

पुरस्कारांची सुरुवात १९८४ ची. तेव्हा नाव होतं 'फिंडी', म्हणजे 'फ्रेंड्स ऑफ इंडिपेण्डण्ट्स' या शब्दांचं लघुरूप. १९८६ मध्ये सध्याचं 'स्पिरिट' हे नाव आलं.

सुरुवातीची ट्रॉफी बघण्यासारखी होती. पारदर्शक प्लास्टिकचा एक पिरॅमिड आणि त्याच्या आत लोंबकळणाऱ्या बुटाच्या नाड्या! इंग्रजीत तुटपुंज्या बजेटला 'शूस्ट्रिंग बजेट' म्हणतात, म्हणजे बुटाच्या नाडीएवढं बजेट. आयोजकांनी तो शब्द उचलून सरळ ट्रॉफीतच घातला. २००६ पासून ट्रॉफी बदलली. आता धातूच्या खांबावर एक पक्षी बसलेला असतो. पण खांबाला नाडी गुंडाळलेली आहेच.

१९८६ च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला मार्टिन स्कोर्सेसीचा 'आफ्टर अवर्स'. दिग्दर्शनाचा पुरस्कार स्कोर्सेसी आणि जोएल कोएन यांना विभागून मिळाला. स्कोर्सेसी तोवर 'टॅक्सी ड्रायव्हर' आणि 'रेजिंग बुल' करून बसलेला बडा माणूस, तर कोएनचा 'ब्लड सिंपल' हा पहिलाच सिनेमा. कोएन बंधूंनी आधी फक्त एक ट्रेलर बनवला आणि तो गुंतवणूकदारांना दाखवत फिरून पैसा उभा केला होता. सिनेमा नाही आणि ट्रेलर तयार! आपल्याकडे मिनी प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनला असंच काहीसं चालतं, पण ते असो. सांगायचा मुद्दा, एकाच व्यासपीठावर नावाजलेला आणि नवखा दोघं एकाच मापाने मोजले गेले.

पहिल्या दशकात या पुरस्कारांनी बरीच नावं अचूक हेरली. स्पाइक लीने 'शीज गॉटा हॅव इट' जेमतेम १२ दिवसांत शूट केला होता. त्याला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये स्टीव्हन सोडरबर्गचा 'सेक्स, लाइज अँड व्हिडिओटेप' सर्वोत्कृष्ट ठरला. आणि १९९४ मध्ये पदार्पणाचा पुरस्कार गेला रॉबर्ट रॉड्रिगेझच्या 'एल मारियाची'ला. या सिनेमाच्या शूटिंगचा खर्च सुमारे ७ हजार डॉलर. त्यातले काही पैसे पठ्ठ्याने नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी स्वतःचं शरीर देऊन मिळवले होते. (होस्टेलवाल्यांनी कृपया प्रेरणा घेऊ नये.)

मापाची पट्टी

आता मूळ प्रश्न. स्वतंत्र कुणाला म्हणायचं?

संस्थेने निकष लिहून ठेवले आहेत. विषयात नावीन्य आणि धग हवी, दृष्टी दिग्दर्शकाची स्वतःची हवी, साधनांचा वापर काटकसरीचा हवा आणि पैशात स्वतंत्र स्रोतांचा वाटा हवा. वाचायला हे छान आहे. पण यातलं 'दृष्टी' आणि 'नावीन्य' मोजणार कोण? त्यामुळे हातात उरतो एकच आकडा, बजेटचा. बरीच वर्षं ही मर्यादा २ कोटी डॉलर होती, मग ती सव्वादोन कोटी झाली. २०२२ मध्ये ती थेट ३ कोटी डॉलरवर नेली गेली. महागाई आणि वाढलेला निर्मितीखर्च लक्षात घेतला तरी ३ कोटी डॉलर हे बुटाच्या नाडीचं बजेट म्हणवत नाही!

निवडीची पद्धतही समजून घ्यायला हवी. समीक्षक, दिग्दर्शक, महोत्सवांचे संयोजक अशा लोकांच्या समित्या सिनेमे बघून नामांकनं ठरवतात. अंतिम मत मात्र संस्थेचे सभासद देतात. आणि सभासद व्हायला तुम्ही चित्रपटसृष्टीतलेच असायला पाहिजे असं नाही. वर्गणी भरा, सभासद व्हा. ऑस्करच्या अकादमीत निमंत्रणाशिवाय प्रवेश नाही. इथे सिनेमाचा साधा विद्यार्थीसुद्धा मतदार होऊ शकतो.

मिरामॅक्सचा पेच

बजेटचा आकडा पुरेसा का पडत नाही, हे १९९५ मध्ये दिसलं. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट ठरला 'पल्प फिक्शन'. सुमारे ८० लाख डॉलरचा सिनेमा, क्वेंटिन टॅरेंटिनोची अफाट शैली, म्हणजे सगळ्या निकषांत बसणारा. फक्त एक गोष्ट होती. तो काढणारी मिरामॅक्स ही कंपनी १९९३ मध्ये डिस्नेने विकत घेतली होती. म्हणजे स्वतंत्र सिनेमाचा सगळ्यात गाजलेला नमुना मिकी माऊसच्या मालकाच्या पैशातून आला!

हा पेच पुढे वाढतच गेला. छोट्या सिनेमांत पैसा आहे हे लक्षात आल्यावर एकेका मोठ्या स्टुडिओने आपला 'स्वतंत्र' विभाग काढला. १९९७ च्या ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाच नामांकनांपैकी चार सिनेमे मोठ्या स्टुडिओंबाहेरचे मानले गेले आणि एकटा 'जेरी मॅग्वायर' स्टुडिओचा. त्याच वर्षी स्पिरिटमध्ये कोएन बंधूंच्या 'फार्गो'ने सहा पुरस्कार उचलले. अकरा वर्षांपूर्वी ट्रेलर घेऊन आलेली हीच ती भावंडं.

तंबूतला आणखी छोटा कोपरा

मोठे मासे तळ्यात शिरल्यावर छोट्यांनी जायचं कुठे? आयोजकांनी यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २००० च्या सोहळ्यात एक नवा विभाग आला : ५ लाख डॉलरपेक्षा कमी खर्चाचा पहिला चित्रपट. पहिला मान मिळाला 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ला. जंगलात हरवलेल्या तीन मुलांचा हा भयपट. कॅमेराही त्या कलाकारांच्याच हातात दिलेला.

पुढे या विभागाला जॉन कॅसावेटीसचं नाव दिलं गेलं. हा माणूस अमेरिकन स्वतंत्र सिनेमाचा मूळपुरुष मानला जातो. १९५९ च्या 'शॅडोज' या सिनेमासाठी त्याने रेडिओवरून श्रोत्यांना आवाहन केलं आणि लोकांनी खरोखर पैसे पाठवले. इंटरनेटवरून वर्गणी गोळा करायची कल्पना आपल्याला नवी वाटते, पण हा माणूस ती साठ-पासष्ट वर्षांपूर्वी वापरून मोकळा झाला होता. दुसऱ्यांच्या मोठ्या सिनेमांत अभिनय करायचा, मिळालेला पैसा स्वतःच्या सिनेमात घालायचा, स्वतःच्या घरात शूटिंग करायचं आणि अडलं तर तेच घर गहाण टाकायचं, ही त्याची रीत. पत्नी जीना रोलंड्स त्याची प्रमुख अभिनेत्री. कॅसावेटीस १९८९ मध्ये गेला. त्याच्या नावाच्या पुरस्काराची मर्यादा आता १० लाख डॉलर आहे.

याच्या जोडीला 'समवन टू वॉच' हा नवोदित दिग्दर्शकांचा पुरस्कार १९९० च्या दशकापासून आहे. नावातच अर्थ आहे, 'याच्यावर लक्ष ठेवा'. आणि आयोजकांनी ज्यांच्यावर लक्ष ठेवलं त्यांचं पुढे काय झालं? तीन उदाहरणं बघू.

बॅरी जेनकिन्सचा पहिला सिनेमा 'मेडिसिन फॉर मेलन्कली' २००८ चा. खर्च सुमारे १५ हजार डॉलर. २००९ मध्ये त्याला 'समवन टू वॉच'चं नामांकन मिळालं. त्यानंतर आठ वर्षं त्याचा दुसरा सिनेमा आला नाही. आला तो 'मूनलाइट', खर्च फार तर ४० लाख डॉलर. २०१७ मध्ये त्याने आधी तंबूत आणि दुसऱ्याच दिवशी ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवला.

क्लोई झाओला २०१८ मध्ये स्पिरिटचा 'बॉनी' पुरस्कार मिळाला. कारकिर्दीच्या मधल्या टप्प्यावरच्या स्त्री दिग्दर्शिकेला ५० हजार डॉलर, खर्चाचा हिशेब न मागता. तीन वर्षांनी तिचा 'नोमॅडलँड' दोन्हीकडे सर्वोत्कृष्ट ठरला.

तिसरा शॉन बेकर. २००९ मध्ये कॅसावेटीस पुरस्कारासाठी पाच सिनेमांना नामांकन होतं आणि त्यातले दोन बेकरचेच होते, 'टेक आउट' आणि 'प्रिन्स ऑफ ब्रॉडवे'. (पुरस्कार तिसऱ्यालाच मिळाला!) नंतर त्याने 'टँजरीन' हा सिनेमा चक्क आयफोन ५एसवर शूट केला. त्यासाठी २०१६ मध्ये माया टेलर या ट्रान्सजेंडर अभिनेत्रीला स्पिरिटचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. आणि २०२५ मध्ये त्याचा 'अनोरा' दोन्हीकडे पहिला. ऑस्करच्या एका रात्रीत चार बाहुल्या एकट्या बेकरने नेल्या.

ऑस्करची रंगीत तालीम?

इथे एक हिशेब मांडण्यासारखा आहे. स्पिरिट आणि ऑस्कर, दोन्हीकडे सर्वोत्कृष्ट ठरलेले सिनेमे असे (साल चित्रपटाचं) :

'प्लाटून' – १९८६
'द आर्टिस्ट' – २०११
'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' – २०१३
'बर्डमॅन' – २०१४
'स्पॉटलाइट' – २०१५
'मूनलाइट' – २०१६
'नोमॅडलँड' – २०२०
'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' – २०२२
'अनोरा' – २०२४

म्हणजे १९८५ ते २०१० या २६ वर्षांत फक्त एकदा, आणि २०११ ते २०२४ या १४ वर्षांत आठ वेळा!

याचे दोन अर्थ लागतात. एक, स्पिरिटवाले ऑस्करकडे सरकले. सभासदांना ओळखीचे, गाजलेले सिनेमेच दिसतात आणि मत त्यांनाच पडतं, ही तक्रार जुनी आहे. दुसरा अर्थ, ऑस्करच स्पिरिटकडे सरकलं. मोठ्या स्टुडिओंनी सुपरहिरो आणि सीक्वेलचा मार्ग धरल्यावर माणसांच्या साध्या गोष्टी सांगायचं काम छोट्या सिनेमांकडेच राहिलं. शिवाय अकादमीने २००९ च्या सिनेमांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाची नामांकनं पाचावरून वाढवली आणि पुढे सभासदही वाढवले. माझ्या मते दोन्ही अर्थ खरे आहेत. पण बजेटची पट्टी अजून काम करते हेही खरं. 'ओपेनहायमर' ज्या वर्षी ऑस्कर जिंकला, त्या वर्षी तंबूत त्याला प्रवेशच नव्हता. तिथे जिंकला सेलीन साँगचा 'पास्ट लाइव्हज', हा तिचा पहिलाच सिनेमा.

कोविडच्या काळापासून आदल्या दिवसाचा शिरस्ताही मोडला. २०२२ ते २०२५ या वर्षांत सोहळा ऑस्करच्या आठवडाभर ते तीन आठवडे आधी झाला. याच काळात अभिनयाच्या पुरस्कारांतला स्त्री-पुरुष भेद काढून टाकण्यात आला. २०२३ मध्ये प्रमुख भूमिकेचा पहिला एकत्रित पुरस्कार मिशेल योला मिळाला.

टीव्ही आला

२०२१ मध्ये पहिल्यांदा टीव्ही मालिकांना बक्षिसं मिळाली, तीही फक्त नव्या मालिकांना. कोविडमुळे तेव्हा तंबू नव्हता, सगळं पडद्यावरूनच झालं. पहिली विजेती मालिका मायकेला कोएलची 'आय मे डिस्ट्रॉय यू'. अभिनयाचे पुरस्कार 'अनऑर्थोडॉक्स'साठीच शिरा हास आणि अमित राहाव यांना. पुढच्या वर्षी जिंकली 'रिझर्व्हेशन डॉग्ज', अमेरिकेतल्या आदिवासी मुलांची गोष्ट.

पण मालिकेच्या बाबतीत स्वतंत्र म्हणजे काय? सिनेमा घर गहाण टाकून करता येतो. मालिका दाखवायला वाहिनी किंवा स्ट्रीमिंग कंपनी लागतेच, आणि बहुतेक वेळा पैसाही तिचाच असतो. २०२५ मध्ये नव्या मालिकेचा पुरस्कार मिळाला 'शोगुन'ला. मालिका उत्तम आहे, वाद नाही. पण ती डिस्नेच्याच मालकीच्या एफएक्सची, जुना जपान उभा करणारी भव्य निर्मिती. मिरामॅक्सचाच पेच पुन्हा!

तंबूत मराठी

आता आपल्या जवळचं. स्पिरिटमध्ये परदेशी चित्रपटांचा एक विभाग असतो. २०२१ मध्ये त्यात पाच नामांकनं होती आणि त्यातलं एक होतं मराठी! चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल'. शास्त्रीय संगीतासाठी आयुष्य वाहिलेल्या, पण 'आपण त्या उंचीचे नाही' हे हळूहळू कळत जाणाऱ्या शरद नेरुलकर या गायकाची ही गोष्ट. आदित्य मोडक हा खरा गायक त्यात प्रमुख भूमिकेत आहे. आदल्या वर्षी या सिनेमाला व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला होता. सिनेमात 'माई' या गुरूचा फक्त आवाज ऐकू येतो, तो सुमित्रा भावे यांचा. हा सोहळा २२ एप्रिल २०२१ ला झाला. सुमित्राताई त्याच्या तीनच दिवस आधी, १९ एप्रिलला, पुण्यात गेल्या. पुरस्कार बोस्नियाच्या 'क्वो वादिस, आयडा?'ला मिळाला. पण कमी पैशात आपल्या मनासारखा सिनेमा करत राहिलेल्या या बाईंचा आवाज त्या यादीतल्या एका सिनेमात होता, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

पुढच्याच वर्षी तमिळ 'कुळांगल' ('पेबल्स') आणि २०२५ मध्ये पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' याच विभागात होते. त्याच्याही कितीतरी आधी मीरा नायरचा 'मिसिसिपी मसाला' मुख्य विभागातच नामांकित झाला होता.

मग आपलं काय?

२०२५ च्या सोहळ्यात दिग्दर्शनाचा पुरस्कार घेताना शॉन बेकर पैशांवर बोलला. एका सिनेमामागे तीन-तीन वर्षं जातात आणि तेवढ्या काळात घर चालेल असा मोबदला मिळत नाही, तो आधीच मिळायला हवा, असा त्याचा मुद्दा होता. इतकी वर्षं पुरस्कार देऊनही त्या पक्ष्याच्या पायाची नाडी सुटलेली नाही, हे त्याने तिथेच उभं राहून सांगितलं. पुरस्काराने पोट भरत नाही. पण जेनकिन्स, झाओ आणि बेकर यांना, कुणी ओळखत नव्हतं तेव्हा, 'आम्ही बघतोय, तू कर' असं सांगणारं कुणीतरी होतं. माझ्या मते पुरस्काराचं खरं काम तेवढंच आहे आणि ते मोठ्या विभागापेक्षा छोट्या विभागांनी जास्त केलं.

म्हणून शेवटी एक सूचना. आपल्या गॅदरिंगच्या शॉर्टफिल्म स्पर्धेत दरवर्षी भाड्याने आणलेला कॅमेरा, ड्रोन आणि बाहेरून करून आणलेलं एडिटिंग असलेल्या फिल्म्स येतात. यायलाही हव्यात. पण फर्स्ट इयरच्या ज्या पोराकडे फक्त मोबाईल आणि तीन रूममेट आहेत, तो त्या यादीकडे बघून नाव द्यायचं टाळतो. यंदा एक विभाग वाढवा : एकूण खर्च पाचशे रुपयांच्या आत, खर्चाचा हिशेब सोबत जोडावा. ट्रॉफीसाठी वेगळा खर्च नको. स्पोर्ट्स शूजची एक जुनी नाडी फ्रेम करून दिली तरी चालेल. कल्चरल सेक्रेटरी, वाचताय ना?